वाटीच्या काठावरचं मीठ

भिवंडी पट्ट्यात शेलारपासून अंबाडीपर्यंत कुठल्याही घरी लग्न ठरलं की मांडववाला, डीजेवाला, फोटोवाला ही नावं नंतर निघतात. आधी निघतं गुणाबाईचं. हळदीचं मटण तिच्या हातचं असलं की निम्मं लग्न पार पडलं, असं लोक म्हणतात. उरलेलं निम्मं नवरा-नवरीनं बघून घ्यायचं.

तसं हे काम गड्यांचं. विटांचं चुलाण लावायचं, चार माणसांनी उचलायचा टोप त्यावर चढवायचा, वल्ह्याएवढ्या पळीनं ढवळायचं आणि ढवळता ढवळता एकमेकांचा उद्धार करायचा. गुणाबाई त्यात शिरली ती वाटणाच्या वाटेनं. बावीस वर्षांमागे एका हळदीला आचारी ऐन वेळी पिऊन मांडवाच्या खांबाशी आडवा झाला. वाटण पोचवायला आलेल्या गुणाबाईनं इकडेतिकडे पाहिलं, पदर खोचला आणि पळी हातात घेतली. ती तिनं अजून कुणाला परत दिलेली नाही.

तिच्या मटणाची ओळख म्हणजे तवंग, रश्श्यावर तरंगणारा लालभडक तेलाचा थर. या पट्ट्यात तवंगाला नुसतं तेल समजायचं नाही, ती यजमानाची इभ्रत असते. टोपाचं झाकण उघडलं की गावचे म्हातारे आधी तवंग बघतात आणि घर कसं आहे ते ठरवतात. तो पातळ दिसला तर जेवून हात धुताना कुणीतरी म्हणणारच, "जमिनीवर गोडाऊन उठलाय, पन तेलाला हात आखडता." असं म्हणायची संधी गुणाबाईनं आजवर कुणाला दिली नव्हती. तेलाचा डबा ती टोपावर पालथा करायची आणि त्याचा गळणारा शेवटचा थेंबसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही.

मात्र टोप उतरण्याआधी एक विधी असे. गुणाबाई वाटीत थोडा रस्सा घेई आणि नवऱ्याच्या, म्हणजे नामाच्या, हातात देई. नामा ती वाटी मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून बसलेल्या सावळारामदादांकडे नेई. सावळाराम म्हणजे नामाचा थोरला भाऊ, गुणाबाईचा थोरला दीर. दादा डोळे मिटून रस्सा पीत आणि वाटी परत धाडत. काठावर मिठाची चिमूट ठेवलेली असली तर मीठ कमी. मिरचीचं देठ असलं तर तिखट जास्त झालंय. आणि वाटी बोटानं पुसून लख्ख केलेली असली तर पंगत बसवा. वाटी आली की गुणाबाई टोपाकडे तोंड करून उभी राही, काय हात फिरवायचा तो फिरवी आणि झाकण ठेवी.

घरीही तेच. रोज दुपारी दादांची वाटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर परत येई, कधी मीठ, कधी देठ, कधी लख्ख. तोंडानं मात्र एक शब्द नाही. वीस वर्षांची गुणाबाई या घरात आली तेव्हा सासूनं, बायजाबाईनं, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "थोरल्या दिराशी बोलाचा न्हाय. डोक्यावर पदर, आन् आवाज चुलीपाशी." त्यात दादा मुळातच कमी बोलणारे. भिवंडीत कापडाच्या लूमवर त्यांची चाळीस वर्षं गेली. ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. जिथं शंभर लूम एकदम खडखडतात तिथं कुणी कुणाशी बोलत नाही, सगळा कारभार हातवाऱ्यांनी चालतो. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, सगळ्याला खूण. शिफ्ट संपवून दादा घरी येत तेही खुणा करतच. बायको लग्नानंतर चार वर्षांतच वारली, पोरबाळ नाही, त्यामुळे घरात त्यांच्याशी भांडून त्यांना बोलतं करणारंही कुणी उरलं नाही.

बायजाबाई जाऊन पंधरा वर्षं झाली. आता बोललं असतं तर कुणी काही म्हणणारं नव्हतं. पण आधी कुणी बोलायचं हे काही ठरलं नाही. छत्तीस वर्षं अशीच गेली. नामा म्हणायचा, "आमच्या घरात सगल्यात जास्त बडबड या दोघांची. मधे मी नुसता पोस्टमन."

गेल्या दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी दादा ओट्यावर चहा पीत बसले असताना त्यांनी कप खाली ठेवला आणि छातीवर तळहात टेकवला. नामानं ती खूण ओळखली, गाडी काढली आणि दादांना भिवंडीला दवाखान्यात नेलं. दोन स्टेंट बसले. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, "काका, तर्री आता विसरायची. तेल मोजून, मीठ निम्मं, तळलेलं बंद. मटण महिन्यातून एकदा, चरबी काढून, दोन तुकडे. स्वयंपाक कोण करतं?"

सगळ्यांनी गुणाबाईकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. छत्तीस वर्षं या माणसाला तिनंच वाढलं होतं, आणि प्रेमानं वाढलं होतं, त्याचा तिला आता धसका बसला. घरी आल्यावर तिनं तेलाचा डबा माळ्यावर टाकला आणि पुढचे दोन दिवस स्वतः जेवली नाही.

मग सुरू झालं ते उकडणं. उकडलेला दुधी, उकडलेलं दोडकं, फोडणी न दिलेलं वरण. दादा काही न बोलता खात. म्हणजे ते पूर्वीही बोलत नसतच, पण आता वाटी परत यायची ती अर्धी भरलेली, आणि काठ कोरा. मीठ नाही, देठ नाही, काही नाही. औषधाची गोळी घ्यावी तसे ते चार घास घेत आणि वाटी सरकवून देत. गुणाबाई ती वाटी हातात घेऊन उंबऱ्याशी नुसती बसून राहायची. मीठ कमी म्हणाले असते, तिखट म्हणाले असते, ताट भिरकावलं असतं तरी चाललं असतं. हा कोरा काठ तिला सोसवेना.

मेघाली म्हणजे गुणाबाईची एकुलती एक लेक. कशेळीच्या एका गोडाऊनमध्ये ती पॅकिंगची सुपरवायझर आहे, दिवसभर पन्नास माणसांना कामाला लावते आणि घरी येऊन आईला लावते. तिनं मोबाइल पुढे केला. "आई, हे बघ, हेल्दी रेसिपी." मोबाइलमधली गोरीगोमटी बाई हसत हसत सांगत होती की ओट्सची भाकरी खाल्ली की भातही आठवत नाही. गुणाबाईनं ओट्सची भाकरी केली. ती तव्याला अशी चिकटली की तवाच भिजत घालावा लागला. मग त्या बाईनं तेलाऐवजी पाण्यात फोडणी द्यायला सांगितली. पाण्यात मोहरी तडतडायची वाट बघत गुणाबाई दहा मिनिटं उभी होती, शेवटी तिनं मोबाइल पालथा घातला. पालेभाजीचं गार सूपही झालं. ते दादांनी चमच्यानं ढवळून पाहिलं आणि नामाकडे असं पाहिलं की नामाला हसू आवरेना. वाटीचा काठ मात्र कोराच राहिला.

दादा ओट्यावर यायचेही बंद झाले. खोलीत पंख्याकडे बघत पडून राहायचे. त्यातच मेघालीचं लग्न वैशाखात ठरलं. ही पोर दादांनी अंगाखांद्यावर वाढवलेली. लूमवरून येताना तिच्यासाठी रंगीत धाग्यांच्या रिकाम्या कांड्या आणायचे, तिची सगळी बाहुल्यांची घरं त्या कांड्यांची होती. याद्या व्हायला लागल्या तशी एक दिवस नामानं चुलीपाशी येऊन बातमी दिली.

"दादा हळदीला थांबनार न्हाय म्हनतान. तुळजाकडं अंबाडीला जातो म्हनतान."

तुळजा म्हणजे दोघा भावांची बहीण. गुणाबाईनं हातातली भाकरी तशीच परातीत टाकली. "का?"

"म्हनतान, सगली मटन खातील आन् मी येगल्या ताटात दुधी खाऊ काय? पंगतीत आजारी मानूस बसला की लोकांचाबी घास अडकतो."

तिच्या स्वतःच्या पोरीच्या हळदीला टोप उतरायचा आणि वाटी चाखायला दादा नसायचे, हे तिच्या डोक्यात शिरेना. बावीस वर्षांत त्यांनी चव पाहिल्याशिवाय तिनं एकही पंगत बसवली नव्हती.

देव कधी कुठून मदत धाडील सांगता येत नाही. गुणाबाईकडे त्यानं ती धाडली गॅस संपवून. माघातली गोष्ट. दुपारी अकराला सिलेंडर संपलं, त्यात लाइट गेली, म्हणजे मिक्सरही बंद. दुसरं सिलेंडर उद्या. तिनं कपाळाला हात लावला आणि परसातली जुनी चूल पेटवली. घरात मोड आलेले कडवे वाल होते. दादांचा दुधी मग शिजवू, आधी आपल्यापुरतं काहीतरी करू म्हणून तिनं दोन कांदे सालीसकट निखाऱ्यात ढकलले, खोबऱ्याची वाटी आचेवर धरली, सुक्या मिरच्या आणि धणे तव्यावर कोरडेच परतले. कोपऱ्यातला पाटा धुतला. काळे झालेले कांदे सोलून, लसूण-आलं घेऊन, सगळं वाटलं. तेलाची बाटली घरात होती, पण परसात आणायचा कंटाळा केला. वालात ते वाटण घातलं, चिंचेचा कोळ घातला, आणि उतरताना लसणाच्या चार पाकळ्या ठेचून वरून टाकून झाकण दाबलं.

झाकण उघडलं तेव्हा तिला सासू आठवली. बायजाबाई असंच करायची. त्या काळी घरात तेल यायचं ते एका बाटलीत आणि महिनाभर पुरवायचं, दिव्याला, केसांना आणि कालवणाला मिळून. म्हणून सगळं भाजायचं, आंबट घालायचं, शेवटी कच्चा लसूण ठेचायचा. जमिनी गोडाऊनला गेल्या, तेलाचे डबे घरी आले, आणि त्याबरोबर हे कालवण घरातून गेलं. गुणाबाईनंच घालवलं होतं. पाहुण्यासमोर ते ठेवायची लाज वाटायची, गरिबीचं जेवण म्हणून.

दादांची जेवायची वेळ झाली होती आणि दुधी अजून पिशवीत होता. नाइलाजानं तिनं त्यातलंच वाटीभर दिलं, सोबत तांदळाची भाकरी, आणि नामाला म्हणाली, "आजचा दिस चालवून घ्या म्हनावा."

अर्ध्या तासानं वाटी उंबऱ्यावर आली. रिकामी. आणि काठावर मिठाची बारीकशी चिमूट.

गुणाबाईनं ती वाटी दोन्ही हातांनी उचलली. "अहो!" ती परसातून ओरडली. "मीठ! मीठ ठेवलाय!" नामा धावत आला, त्याला वाटलं काही विपरीत झालं. बघतो तर बायको वाटी छातीशी धरून एकाच वेळी हसतेय आणि रडतेय. छत्तीस वर्षांत स्वयंपाकाला नाव ठेवलेलं ऐकून इतकी खूश झालेली बाई त्यानं पाहिली नव्हती.

गॅस दुसऱ्या दिवशी आला, पण परसातली चूल काही विझली नाही. गुणाबाईचं डोकं आता सुटलं. तेल नसेना का, भाजणं आपल्या हातात आहे, आंबट आपल्या हातात आहे. खाडीचे ओले बोंबील तिनं हळद-लसूण-कोकम लावून केळीच्या पानात बांधले आणि तव्यावर ठेवले. वांगं निखाऱ्यात भाजून, त्यात कच्चा कांदा, मिरची आणि ताकाचा हबका. शेवग्याच्या शेंगांना भाजलेल्या डाळीचं वाटण. कैरीचे दिवस आले तसं वरणात कैरी पडली. डॉक्टरीणबाईंनी दिवसाला दिलेलं दोन चमचे तेल ती शेवटच्या फोडणीला राखून ठेवायची आणि सगळ्यात शेवटी अशी ओतायची की पहिल्या घासाला तेच लागावं. एके दिवशी वाटीवर मिरचीचं देठ आलं. त्यानंतरच्या आठवड्यात लख्ख पुसलेली वाटी. फाल्गुनात दादा ओट्यावर येऊन बसले आणि जाणाऱ्यायेणाऱ्याला हात करायला लागले. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागद बघून विचारलं, "काका, काय चाललंय हे? छान आहे सगळं!" दादांनी अंगठ्यानं मागे उभ्या असलेल्या गुणाबाईकडे खूण केली.

अंबाडीला जायचं मात्र त्यांनी रद्द केलं नव्हतं. वेगळ्या ताटाला ते बसणार नव्हते.

तेव्हा गुणाबाईनं ठरवलं. हळदीच्या आठ दिवस आधी तिनं नामाला सांगितलं, "येगला ताट न्हाय. टोप एकच. चारशे मानसांचा मटन मी दादांच्या पथ्याचा करनार."

नामाच्या हातातून पत्रिकांचा गठ्ठा निसटला. "बिनतेलाचा? आपल्या पोरीच्या हळदीला? गुना, गावात तोंड दाखवाला जागा ठेवशील का न्हाय? सगल्या गावाला तवंग चारलास आन् सोताच्या घरी पानी वाढनार?"

"पानी न्हाय वाढीत. चव वाढते."

बोलली खरी, पण बावीस वर्षांचं नाव पणाला लागत होतं आणि तेही स्वतःच्या दारात. तरी तिनं दादांना निरोप धाडला, आणि नामानं येऊन सांगितलं की दादांनी निरोप ऐकून अंबाडीसाठी भरलेली पिशवी खुंटीवरून काढली आणि रिकामी केली.

हळदीच्या दिवशी सकाळीच तिनं मटण हळद-आलं घालून उकडून घेतलं. उकडीचं पाणी मोठ्या घमेल्यांत काढलं, खाली कोळणीकडून आणलेल्या बर्फाच्या लाद्या लावल्या. तास-दोन तासांनी वर पांढरी चरबी गोठली. ती पळीनं काढून टाकू लागली तेव्हा नामा आला. "हा काय, दही लावलाय?" दुपारभर गल्लीतल्या बाया कांदे भाजत होत्या, खोबरं भाजत होत्या, भाकऱ्या थापत होत्या. दर हळदीला तळतात ते वडे यंदा नव्हते, त्यावरून कुजबुज सुरू झालीच. दिवेलागणीला टोप तयार झाला. वास असा सुटला होता की डीजेवालाही वायर जोडायची सोडून चुलाणापाशी घोटाळत होता. पण झाकण उघडलं की आत नुसता गडद तपकिरी रस्सा. वर लाल काही नाही.

नामानं आत पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. "गुना, हात जोडतो. थोडा वरून तरी ओतू. खाली तुझा पथ्याचा राहू दे, वर जरा तवंग दिसला पायजे. वाढताना पोरा तवंग बाजूला सारून तलाचा वाढतील. दादांना तर खालचाच."

इथं गुणाबाई चुकली. तिलाही भीती वाटली होती, खोटं कशाला बोला. मांडवात गावचे म्हातारे येऊन बसत होते आणि मान उंच करून टोपाकडे बघत होते. तिनं मान हलवली. नामानं दोन बाटल्या तेल कढवलं, त्यात तिखट सोडलं आणि टोपावर ओतलं. लालभडक तवंग पसरला. म्हाताऱ्यांच्या माना खाली आल्या.

वाढणाऱ्या पोरांचा म्होरक्या होता हरेश, शेजारचाच, मेघालीला बहीण मानणारा. त्याला गुणाबाईनं दोनदा बजावलं, "तवंग बाजूला सारून तलाचा वाढ. दादांना खालचाच. त्यांना तेल चालत न्हाय, म्हाईत हाय ना?" हरेश म्हणाला, "काकी, टेन्शन नको."

पहिली पंगत बसली. आज वाटी आधी गेली नव्हती, चव दादा पंगतीत बसूनच बघणार होते. दादा पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत मधोमध बसले. पाच महिन्यांनी त्यांना पंगतीत बघून जो तो त्यांच्या खांद्याला हात लावून पुढे जात होता. आणि हरेशला भरून आलं. इथल्या माणसाला भरून आलं की तो काय करतो, हे सांगायला नको. त्यानं पळी टोपात वरच्यावर फिरवली, नुसता तवंग निपटून एका वाटीत घेतला आणि ती वाटी दादांच्या पुढ्यात ठेवली. "घ्या काका! आज आपल्या पोरीची हळद. एका दिसानं काय होत न्हाय!"

दादांनी वाटीकडे पाहिलं. वाटीत नुसतं लाल तेल हलत होतं. दोन्ही बाजूंना माणसं बसलेली, समोर हरेश हौसेनं उभा. बोलून नको म्हणायची सवय त्या माणसाला कधी लागलीच नव्हती. त्यांनी वाटी उचलली.

चुलाणापाशी उभ्या असलेल्या गुणाबाईनं ते पाहिलं.

"दादा! ठेवा ती वाटी! खाऊ नका!"

डोक्यावरचा पदर कधीच खांद्यावर आला होता. हातात पळी घेऊन ती खुर्च्यांमधून वाट काढत आली आणि दादांच्या समोर उभी राहिली. दोन गाण्यांच्या मधली वेळ होती, त्यामुळे तो आवाज मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला. माणसांचे हात ताटातच थांबले.

"तो तवंग खोटा हाय," ती म्हणाली. "मी वरून ओताला लावलाय, माज्या नावासाठी. लोक काय म्हनतील म्हनून. खालचा सगला बिनतेलाचा हाय, तुमचा रोजचाच. तुमाला पंगतीत बसता यावा म्हनून चारशे मानसांचा तसाच केलाय. आता कुनाला नावा ठेवाची त्यांनी ठेवा."

नामा खांबाला धरून उभा. दादांनी वाटी हळूच खाली ठेवली आणि गुणाबाईकडे पाहिलं, छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच सरळ तोंडाकडे.

"एवढा मोठा आवाज हाय तुजा?" ते म्हणाले. "आयकलाच न्हवता कधी."

पहिल्यांदा मेघाली हसली, हळदीनं माखलेली, पाटावर बसल्या बसल्या. मग सगळा मांडव हसला. दादांनी ती तेलाची वाटी हरेशकडे सरकवली आणि हातानं खूण केली, तळहात खाली, मग वर. लूमवर काम केलेल्यांनी ती खूण ओळखली. खालचं आण.

हरेश गोरामोरा होऊन गेला आणि तवंग बाजूला सारून तळाची वाटी घेऊन आला. दादांनी डोळे मिटून एक घोट घेतला. पंगत थांबलेली. त्यांनी दुसरा घोट घेतला. मग ताटातल्या मिठाची चिमूट उचलली आणि वाटीच्या काठावर ठेवली.

"मीठ न्हाय मिलाचा, दादा!" गुणाबाई म्हणाली. आता बोलणं सुरूच झालं होतं, तर म्हणायला काय हरकत होती. "डॉक्टरबाईंनी निम्माच सांगितलाय. लिंबू पिळा."

दादांनी मुकाट्यानं लिंबू पिळलं. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं आपली वाटी पुढे केली, "मना बी खालचा वाढ रं." त्याच्या शेजारच्यानंही केली. तिसऱ्या पंगतीपर्यंत तळ खरवडायची वेळ आली आणि वरचं लाल तेल नामा एका बादलीत काढून बसला होता, त्याचं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. म्हाताऱ्यांपैकी दोघांनी हात धुताना वड्यांची आठवण काढली, तेवढं चालायचंच.

त्याआधी, पहिली पंगत उठली तसे दादा हातात वाटी घेऊन चुलाणापाशी आले. वाटी नामाकडे दिली नाही. ती लख्ख पुसलेली होती. त्यांनी ती गुणाबाईच्या हातात ठेवली.

"मीठ बरोबरच होता," ते म्हणाले.

"मग ठेवला कशाला?"

"निम्म्या वेला बरोबरच असायचा. पन ठेवला न्हाय तर बोलाचा काय तुज्याशी?"

गुणाबाईनं वाटी पदरानं पुसली, पुसायला काही उरलं नव्हतं तरी. मग तिनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "म्हाईत हाय, दादा. मी तरी कवा मीठ वाढवला?"